एका माणसाच्या वाट्याचे तेल

१९८० साली सौदी अरेबियाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती आणि तेथील विहिरींतून दररोज सुमारे एक कोटी पिंपे खनिज तेल बाहेर येत होते. तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत प्रत्येकामागे दिवसाला एक पिंप, म्हणजे १५९ लिटर, असा तो हिशेब होता. २०२२ साली उत्पादन जवळपास तेवढेच, दिवसाला एक कोटी पाच लाख पिंपांच्या घरात होते. परंतु त्या वर्षीच्या जनगणनेत देशात ३ कोटी २२ लाख माणसे मोजली गेली आणि दरडोई वाटा ५२ लिटरांवर आला. विहिरी आटल्या नव्हत्या. वाटेकरी तिपटीहून अधिक झाले होते.

आता याच दोन वर्षांचा हिशेब पैशांत मांडून पाहू. १९८० साली पिंपाचा भाव सुमारे ३५ डॉलर होता, म्हणजे दरडोई रोजचे तेल ३५ डॉलरांचे होते. २०२२ साली भाव सरासरी १०० डॉलरांच्या आसपास होता आणि वाट्याला एक तृतीयांश पिंप येत होते, म्हणजे साधारण ३३ डॉलर. या दोन आकड्यांकडे पाहून बेचाळीस वर्षांत फारसे काही बदलले नाही असे वाटेल, आणि ते पूर्णपणे चुकीचे ठरेल. या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण किमती सुमारे साडेतीन पट वाढल्या. १९८० चे ३५ डॉलर २०२२ च्या किमतींत १२० डॉलरांहून अधिक भरतात. चलनवाढ वगळली की आलेखात सपाट दिसणारी रेषा उतरते आणि दरडोई मूल्य १९८० च्या पाव भागाच्या थोडेसे वर येऊन थांबते. म्हणून अनेक वर्षांची तुलना करणाऱ्या कोणत्याही आलेखाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे डॉलर कोणत्या वर्षाचे आहेत.

दोन टोकांची वर्षे निवडली की मधले सारे लपते. १९८५ साली सौदी उत्पादन दिवसाला सुमारे ३५ लाख पिंपांपर्यंत खाली आले होते. जागतिक बाजारातील भाव सावरून धरण्यासाठी त्या देशाने स्वतःचा उपसा वर्षानुवर्षे कमी करत नेला होता. दरडोई उत्पन्नाच्या आलेखात ती वर्षे खोल दरीसारखी दिसतात. परंतु जे तेल विकले गेले नाही ते जमिनीखाली तसेच होते. त्या वर्षी देशाचे उत्पन्न घटले, संपत्ती घटली नाही. हा भेद न करता काढलेले निष्कर्ष मला नेहमी घाईचे वाटतात. तेलाचा उपसा ही ठेव मोडण्यासारखी क्रिया आहे. हाती पैसा आला म्हणजे मिळकत वाढली, हे खरे. पण तेवढीच मूळ ठेव कमी झाली, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

मग थेट साठाच मोजावा आणि त्याला लोकसंख्येने भागावे, असे कोणी म्हणेल. अडचण अशी, की साठा हा मोजलेला आकडा नसून अंदाज असतो, आणि त्याची व्याख्याच भावावर अवलंबून असते. सध्याच्या तंत्राने व सध्याच्या भावात फायदेशीरपणे काढता येईल तेवढ्या तेलाला सिद्ध साठा म्हणतात. भाव चढला की एकही नवी विहीर न खोदता साठा वाढू शकतो आणि भाव पडला की तो आटतो. शिवाय आकडा सरकारे जाहीर करतात. १९८० च्या दशकात कुवेत, इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती आणि शेवटी सौदी अरेबिया यांनी आपापले जाहीर साठे एकापाठोपाठ मोठ्या फरकाने वाढवले; सौदी आकडा १९८८ च्या सुमारास १७,००० कोटी पिंपांवरून सुमारे २५,५०० कोटींवर गेला. तेल निर्यातदार देशांच्या ओपेक संघटनेत उत्पादनाचा कोटा ठरवण्याची घासाघीस त्याच काळात चालू होती, त्यामुळे मोठा कोटा मिळावा म्हणून आकडे फुगवले असावेत, अशा शंका घेतल्या गेल्या. सौदी सरकारने पुढे बाहेरच्या तज्ज्ञसंस्थेकडून तपासणी करून घेतली आणि जानेवारी २०१९ मध्ये सुमारे २६,३०० कोटी पिंपांचा आकडा जाहीर केला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

व्हेनेझुएलाचा जाहीर साठा ३०,००० कोटी पिंपांहून अधिक, म्हणजे जगातील सर्वांत मोठा आहे. दरडोई हिशेब केला तर तो सौदी अरेबियापेक्षाही जास्त भरतो. मात्र त्यातील बराचसा भाग ओरिनोको पट्ट्यातील अतिजड तेलाचा आहे, ज्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च मोठा आणि बाजारात भाव कमी. विक्रीचा भाव वजा काढण्याचा खर्च ही जी निव्वळ मिळकत, तिलाच संपत्ती म्हणता येते, आणि ती वाळवंटातील सहज वाहणाऱ्या तेलात व या चिकट तेलात सारखी नसते. २०२० साली या देशाचे उत्पादन दिवसाला सुमारे पाच लाख पिंपांपर्यंत कोसळले होते.

व्हेनेझुएलाच्याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे, जी मला अस्वस्थ करते. गेल्या दहा-बारा वर्षांत ७० लाखांहून अधिक माणसे तो देश सोडून गेली. भागाकारातला छेद, म्हणजे लोकसंख्या, लहान झाला. त्यामुळे जमिनीखालचे तेल दरडोई मोजले तर देशातील उरलेला माणूस पूर्वीपेक्षा श्रीमंत दिसतो. गणित अचूक आहे आणि चित्र खोटे आहे.

छेदात कोणाला धरायचे, हा प्रश्न आखाती देशांतही टाळता येत नाही. सौदी अरेबियाच्या त्या ३ कोटी २२ लाखांपैकी नागरिक सुमारे १ कोटी ८८ लाख; बाकीचे बाहेरून आलेले कामगार व त्यांची कुटुंबे. केवळ नागरिकांत वाटणी केली तर ५२ लिटरांचे सुमारे ८९ लिटर होतात. कतारमध्ये तर नागरिक लोकसंख्येच्या दहाव्या भागाच्या आसपास आहेत. दोन्ही पद्धतींना आधार आहे, मात्र एका देशासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरी वापरली की तुलनेला अर्थ राहत नाही. नायजेरियात छेदच अंदाजाचा आहे, कारण तेथे शेवटची जनगणना २००६ साली झाली.

तरीही नायजेरियाचा ढोबळ हिशेब डोळे उघडणारा आहे. १९५६ साली ओलोईबिरी येथे तेल सापडल्यापासून हा देश तेलसंपन्न म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या निर्यातीच्या कमाईचा बहुतांश भाग तेलातूनच येतो. २०२२ साली तेथे दिवसाला साधारण १४ लाख पिंपे निघत होती आणि लोकसंख्या २१ कोटींच्या वर होती. दरडोई वाटा पडतो सुमारे एक लिटर. त्याच वर्षी नॉर्वेत तो ५० लिटरांच्या वर, म्हणजे सौदी अरेबियाच्या बरोबरीने होता. निर्यातीतील किंवा राष्ट्रीय उत्पन्नातील तेलाचा हिस्सा पाहून देशांची क्रमवारी लावणारा अभ्यासक नायजेरियाला वरच्या पायरीवर ठेवील. परंतु तो हिस्सा संपत्ती मोजत नाही, अवलंबित्व मोजतो. युद्धाने कारखाने बंद पडले आणि विहिरी चालू राहिल्या, तरी तो वाढतो. म्हणूनच, सगळ्या त्रुटींसह, स्थिर किमतींतील दरडोई तेलउत्पन्न हे माप मला अधिक प्रामाणिक वाटते.

नॉर्वेच्या आलेखात मात्र एक रेषा पुरत नाही. १९६९ साली समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्र सापडले, १९९० साली तेलाचे सरकारी उत्पन्न साठवून गुंतवणाऱ्या तेलनिधीचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम जमा झाली. तेलाचे उत्पादन २००१ च्या सुमारास दिवसाला ३० लाख पिंपांच्या वर जाऊन शिखराला पोहोचले आणि नंतर वीस लाखांच्या खाली उतरले. दरडोई तेलाची रेषा उतरत असताना निधीची रेषा चढत राहिली. २०२३ च्या अखेरीस त्यात माणशी सुमारे २८ लाख क्रोनर (नॉर्वेचे चलन) होते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा गुंतवणुकीवरील परताव्याचा होता. जमिनीखालून गेलेले तेल कशात रूपांतरित झाले, याचे उत्तर या दोन रेषा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही.

अशी रेषा नुकतीच सुरू झालेला देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतील गयाना. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे समुद्राखालून पहिले तेल निघाले आणि २०२४ पर्यंत उत्पादन दिवसाला सहा लाख पिंपांच्या वर गेले. लोकसंख्या आठ लाखांहून थोडी अधिक असल्यामुळे दरडोई वाटा सुमारे ११५ लिटर होतो, सौदी अरेबियाच्या दुपटीहून जास्त. पण तेल कंपन्यांशी झालेल्या २०१६ च्या करारानुसार उत्पादनाच्या ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग कंपन्या आपला खर्च भरून काढण्यासाठी घेऊ शकतात, उरलेल्याची निम्मी-निम्मी वाटणी होते आणि देशाला मिळणारे स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) दोन टक्के आहे. कंपन्यांचा खर्च पुरता वसूल होईपर्यंत शंभर पिंपांमागे देशाला मिळतात साडेचौदा. म्हणजे त्या ११५ लिटरांपैकी गयानाच्या माणसाच्या वाट्याला येतात सुमारे १७ लिटर.