दहावी ब आणि भूगोलाचा पेपर

दृश्य – शाळेचं गेट, दुपार

हे आमच्या शाळेचं गेट. मे महिना संपून राहिला, दुपारचे बारा वाजलेत, आणि नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा वाजता घराबाहेर पडणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर त्याला मार्कशीट घ्यायची असते. आम्ही मार्कशीटवाले. तोंडाला दुपट्टा, डोक्यावर टोपी, आणि दोघा-तिघांच्या खिशात चक्क कांदा, लू लागू नये म्हणून आजीने कोंबलेला, हसू नका, तुमच्याही घरी अशी आजी असेलच.

शूटिंग मोबाइलवर केलंय. मधेमधे कॅमेरा हलतो कारण धरणाऱ्याला हसू आवरत नव्हतं. आवाज माझा आहे, सर्दी झालीय, सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे दहावी ब, २०२५ ची बॅच, हजेरीपटावर ५३. पाचवीत आलो ते २०१९ च्या जूनच्या शेवटी. जूनच्या शेवटी, कारण बाकी महाराष्ट्राची शाळा पंधरा जूनच्या आसपास भरते आणि आमच्या विदर्भात ऊन उतरल्याशिवाय भरत नाही, म्हणजे पुण्याचा मावसभाऊ वर्गात बसून पाढे म्हणून राहिला असतो तेव्हा आम्ही इथे बादलीत आंबे टाकून बसलेलो असतो. विदर्भावर अन्याय अन्याय म्हणतात तो असेल, पण ह्या एका बाबतीत आमची काही तक्रार नाही.

तर पाचवी ते दहावी, सहा वर्षं. पण त्यातलं वर्गात किती बसलो ते मोजायला गेलो तर बोटं उरतात.

दृश्य – रिकामा वर्ग, पंखा

पाचवीचा मार्च आला आणि शाळा बंद. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, आम्ही तर गल्लीत नाचलो. तेव्हाच्या दहावीच्या ताई-दादांचा एकच पेपर राहिला होता, भूगोलाचा, २३ मार्च २०२० ला. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क दिले. आमच्या भूगोलाच्या मॅडम अजूनही हे सांगताना वैतागतात, वर्षभर घसा फोडून शिकवलं आणि नेमका माझाच विषय राहावा. त्याच्या पुढच्या वर्षी तर दहावीची अख्खी परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के, तेव्हा मॅडमना जरा बरं वाटलं असावं, निदान सगळेच विषय बुडाले.

भूगोलाचा पेपर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहावी आम्ही एकमेकांच्या घरचे पंखे बघत काढली. कोणी माइक चालू ठेवला की त्याच्या कुलरची घरघर, मागून भांडी, मग कोणाची तरी आई, जेवून घे आधी, आणि सर तिकडून ओरडून राहिले म्यूट करा रे म्यूट करा. दोन पोट्टे तर वर्षभर दिसलेच नाहीत, घरात मोबाइल एकच आणि तो वडलांसोबत कामावर जायचा. सातवीत डिसेंबरात शाळा जरा उघडली, जानेवारीत परत बंद. मधल्या त्या दिवसांत भेटलो तेव्हा अर्ध्यांचे आवाज फुटलेले, उंच्या वाढलेल्या आणि तोंडावर मास्क, कोण कोण आहे काही कळेना. डब्याच्या सुट्टीत मास्क उतरला तेव्हा मी बाजूच्याला म्हटलं, अबे तू होय! आठ दिवस मी त्याला दुसराच समजून राहिलो होतो, त्याचे दहा रुपयेपण त्या दुसऱ्याला देऊन टाकले होते.

आठवी मजेत गेली, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक पाहिली, घेऊन जा गे मारबत म्हणून घसा बसवून घेतला. डिसेंबरात दोन वर्षांच्या खंडानंतर नागपुरात अधिवेशन भरलं आणि मोर्च्यांच्या ट्रॅफिकमध्ये आमची व्हॅन अडकली की पहिला तास बुडायचा, लोकशाहीचे आभार. त्याच महिन्यात मेट्रोच्या उरलेल्या लाइन सुरू झाल्या, मग उगाच सीताबर्डीला जाऊन गाडी बदलायची, परत यायचं.

दृश्य – एक वही, जवळून

ही वही बघा. भूगोलाची, नववीची. पानं लाटांसारखी झालीत आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर उंचीवर मातीची एक सरळ रेघ आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार, गणपती बसलेले. पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला आम्ही नाला म्हणूनच ओळखत होतो, ती घराघरात शिरली. मोरभवन बसस्टँडला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. शाळेला सुट्टी जाहीर झाली, आम्ही लोळत पडलो, आणि मग ग्रुपवर फोटो यायला लागले. ही वही ज्याची आहे त्याचं घर नदीच्या काठाला. दप्तर पलंगाखाली होतं. तो सांगतो, आईने आधी तांदळाचा डबा उचलला, मग लहान बहिणीला, आणि दप्तर आठवलं तोवर ते तरंगून राहिलं होतं.

आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून फुकट मिळायची, नववीपासून विकत. त्याने आधीच जुनी घेतलेली होती, तीपण गेली. पुस्तकं इकडून तिकडून जमली, पण वह्यांचं काय. सगळ्या गच्चीवर वाळत घातल्या, एक हीच जरा वाचली, बाकीच्यांचा लगदा. मग ठरलं की एकेकाने एकेक विषय उतरवायचा. दिवाळीच्या सुट्टीत नऊ जणांनी उतरवलं. त्यामुळे त्याच्या नववीच्या वह्यांमध्ये नऊ अक्षरं आहेत, आणि त्यातलं गणिताचं अक्षर इतकं घाण होतं की त्याला परत दुसऱ्याकडून उतरवून घ्यावं लागलं. ते माझं होतं.

पुरानंतर पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, नाग नदी कुठून येते? वर्ग गार. कुठे जाते? तरी गार. ज्या नदीवरून शहराचं नाव पडलं तिचा पत्ता ५३ पोट्टे-पोट्ट्यांपैकी एकाला माहीत नव्हता. मॅडम खूप वेळ काही बोलल्याच नाहीत, मग फळ्यावर काढून दाखवलं, इकडे पश्चिमेला लावा गावाजवळच्या टेकड्या, तिथून अंबाझरी, मग अख्खं शहर, आणि पुढे कन्हानला मिळते. त्या दिवसापासून त्यांनी एक खूळ काढलं. प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचा, नुसत्या रेघोट्या नाही, दिशा पाहिजे, सूची पाहिजे, प्रमाण पाहिजे. प्रमाण नसलं की अर्धा मार्क कट. आमच्या वर्गाचे प्रमाणावरून जितके अर्धे मार्क गेलेत तितक्यात एक पोरगं पास झालं असतं.

दृश्य – फळा, त्यावर अर्धा पुसलेला ब्राझील

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील. म्हणजे वर्षभर आम्ही ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ करत होतो. बोर्ड सुरू झालं २१ फेब्रुवारीला, मराठीच्या पेपरने. मध्येच आली रणजीची फायनल, ती कुठे तर इथेच, आमच्या जामठ्याला, विदर्भ विरुद्ध केरळ, २६ फेब्रुवारी ते २ मार्च. घरापासून इतकी जवळ फायनल आणि आम्ही सिद्धांत पाठ करून राहिलो होतो. पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ जिंकला, तिसऱ्यांदा, आणि ते मला खालच्या मजल्यावरच्या काकांच्या ओरडण्यावरून कळलं.

शेवटचा पेपर १७ मार्चला. भूगोल, अकरा ते एक. सोपा गेला. गेटबाहेर आलो, कोणी कोणाच्या पाठीवर शाई फेकली, आणि ठरलं की आज घरचे वाट पाहून राहिले, तर उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी पांढरे शर्ट घालून शाळेत यायचं, वर्गाचा फोटो काढायचा, शर्टांवर लिहायचं आणि मग तर्री-पोहे. सहा वर्षांत पूर्ण वर्गाचा एकही फोटो नव्हता आमच्याकडे. एका वर्षी कोरोना, एका वर्षी फोटोवाला आला तेव्हा अर्धे स्पर्धेला गेलेले, असंच चाललं होतं.

त्या संध्याकाळी शहराच्या महाल भागात दंगल झाली. काय झालं, का झालं, ते बातम्यांमध्ये आहे, आम्ही इथे बोलणार नाही. आम्हाला आमच्यापुरतं जे दिसलं तेवढं सांगतो. रात्री शहराच्या मधल्या कितीतरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आमचा अर्ध्याहून जास्त वर्ग आत होता, बाकीचा बाहेर, आणि उद्याचा फोटो गेला हे सांगायचीही कोणाला गरज पडली नाही.

रात्री अकराच्या सुमारास मॉनिटरने ग्रुपवर एक फोटो टाकला. वहीच्या पानावर काढलेला आमच्या सगळ्यांच्या घरांचा नकाशा, घराला एक ठिपका. सकाळी ब्राझील रंगवला त्याच रंगपेन्सिली. हिरवी म्हणजे घरी आहे आणि बोलणं झालं. लाल म्हणजे अजून उत्तर नाही. नावं नाही लिहिली तिने, प्रत्येक ठिपक्यापाशी रोल नंबर. जसजसे मेसेज येत गेले तसतशी ती लालवर हिरवं गिरवत गेली आणि दर दहा मिनिटांनी नवा फोटो. बारा वाजता नऊ लाल होते. एक वाजता चार. आतल्या एकीने खिडकीतून व्हिडिओ पाठवला, जिथे दिवसा पाय ठेवायला जागा नसते त्या रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं पाय ताणून झोपलेलं. शेवटचा ठिपका, रोल नंबर ३१, रात्री अडीचला हिरवा झाला. त्याचा मेसेज होता, "काय झालं बे, झोपलो होतो ना." त्याला त्या रात्री ग्रुपवर जे ऐकायला मिळालं ते या निवेदनात घेता येत नाही.

संचारबंदी पूर्ण उठली २३ मार्चला. तोवर कोणी गावी गेलं होतं, कोणाचा क्लास लागला होता. फोटो राहिला तो राहिलाच.

दृश्य – पायऱ्या, गर्दी

निकाल लागला १३ मेला, दुपारी एक वाजता. नागपूर विभाग राज्यात सगळ्यात खाली, ९०.७८ टक्के. आमचे दोन जण राहिले. तेही आज आलेत, आणि ते आले याचा मला माझ्या मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आज ४६ आलेत. सात नाहीत, त्यातली एक अमरावतीला आहे आणि दर दोन मिनिटांनी व्हिडिओ कॉल करून राहिली. पांढरे शर्ट कोणीच घातले नाहीत, एवढ्या उन्हात कोण लक्षात ठेवतं. तर्री-पोहेही नाहीत, बारा वाजता कुठले मिळायला, ते सकाळीच संपतात.

शिपाई काका मोबाइल आडवा धरून उभे आहेत, सरका, सरका, मागचे दिसत नाही. भूगोलाच्या मॅडम मधे. तेवढ्यात कोणीतरी मॉनिटरला ढोसतं, दाखव ना मॅडमला, आणि ती पिशवीतून घडी केलेलं ते पान काढते. लालवर हिरवं इतक्यांदा गिरवलंय की एके ठिकाणी कागद फाटलाय.

मॅडम चष्मा वर करतात. पान उन्हात धरतात. बराच वेळ बघतात, एकेका नंबरवर बोट ठेवत, ओठ हलताहेत, मोजून राहिल्या असाव्यात.

"दिशा आहे, सूची आहे," म्हणतात, "प्रमाण कुठाय?"

"रात्री घाईत होतो ना मॅडम..."

"अर्धा मार्क गेला."

आणि पान घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकतात. मॉनिटर हात पुढे करते, मॅडम देत नाहीत. काकांनी बटण नेमकं तेव्हाच दाबलं, म्हणून फोटोत सगळे मॅडमच्या पर्सकडे बघून राहिलेत.