मामाला होतं, भाच्याला झालं. मग मधली आई ठणठणीत कशी?

नमस्कार मंडळी.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं खानापूरपासून निपाणीपर्यंत पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. भरतीची तयारी. पळण्यात पास, उंचीत पास, छातीत पास. मग मेडिकल. तिथं डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरतात. ठिपक्यांत आकडा लपलेला. शेजारच्याला दिसतो 74, आपल्या गड्याला दिसतो 21. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी 1917 साली काढलेली ही चाचणी अजून चालते. पोरगं घरी येऊन डोकं धरून बसतं आणि आई सहज बोलून जाते, "माझे बाबा पण असलेच होते बघ. संकेश्वरी मिरची तोडायला गेले की लाल-हिरवी सगळी एकाच पाटीत."

आईचे बाबा. वडिलांचे नव्हेत. आजोबांना होतं, नातवाला आहे आणि मधल्या आईला रंग अगदी लख्ख दिसतात. रंगांधळेपणात फार काही बिघडत नाही, एखादी नोकरी हुकते. पण रक्त नीट गोठू न देणारा हिमोफिलिया आणि स्नायू झिजवणारा ड्युशेन, असले जड आजारही याच वाटेनं येतात, म्हणून ही वाट नीट समजून घेऊ.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यातली एक जोडी बाई की पुरुष ते ठरवते. बाईकडं दोन एक्स. पुरुषाकडं एक एक्स आणि एक वाय. रंग ओळखणारी, रक्त गोठवणारी, स्नायू टिकवणारी काही जनुकं या एक्सवर बसलेली आहेत. वाय छोटा, त्याच्यावर ती नाहीतच. विहिरीवर दोन मोटारी असल्या आणि एक जळाली, तर उसाला पाणी मिळतं. एकच मोटर असेल आणि तीच जळाली, तर ऊस वाळतो. बाईकडं दोन, बाप्याकडं एक. एवढंच आहे.

(फळ्याकडे वळून) चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. समजा, खानापूरकडची एक आजी आहे. तिच्या दोन एक्सपैकी एकात हिमोफिलियाचा दोष. हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात त्यातलं आठवं किंवा नववं कमी पडणं. आठवं कमी तर ए, नववं कमी तर बी. आजीचा गोल मी अर्धाच भरते, कारण ती फक्त वाहक आहे, म्हणजे दोष तिच्याकडं आहे, पण सहसा आजार नाही. तिला एक मुलगा, तीन मुली. मुलाचा गुडघा लहानपणी वरचेवर सुजायचा, दात काढल्यावर रात्रभर रक्त वाहिलं. घरातले म्हणाले, करणी झाली. तिन्ही मुली चांगल्या, लग्नं झाली. एक निपाणीला दिली, एक चंदगडला, एक इथंच शहापुरात.

या प्रत्येकीकडं आजीचा बिघडलेला एक्स गेला असण्याची शक्यता निम्मी. जिच्याकडं गेला, तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. पहिला आजारी निघाला म्हणून दुसरा सुटेल असं नाही. प्रत्येक गरोदरपणात हिशेब नव्यानं सुरू होतो.

आता तो आजारी मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. त्याच्या मुलग्यांना हा आजार त्याच्याकडनं येत नाही. कधीच नाही, कारण मुलग्याला बाप वाय देतो. मुलींना मात्र तो आपला एकमेव एक्स देतो, त्यामुळं त्याच्या सगळ्या मुली वाहक. इथं निम्मं वगैरे काही नाही, सगळ्याच. आणि आजीला अजून एक मुलगा झाला असता, निरोगी, तर त्याच्या पुढच्या वंशात यातलं काहीही जात नाही.

राणी व्हिक्टोरियाचं उदाहरण याच्यासाठीच सगळीकडं देतात. ती वाहक होती. धाकट्या मुलांपैकी लिओपोल्डला हिमोफिलिया, 1884 मध्ये पडल्याचं निमित्त होऊन तो गेला. ॲलिस आणि बिअट्रिस या मुली वाहक, त्यांच्या वाटेनं आजार रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोचला. रशियाच्या युवराज अलेक्सीच्या अवशेषांची तपासणी होऊन 2009 मध्ये कळलं, तो हिमोफिलिया बी होता. आणि इंग्लंडची गादी? ती निरोगी मुलाकडं, सातव्या एडवर्डकडं गेली. तिथला वंश सुटला.

आता आपल्या घरातली वंशावळ काढून बघा. माणूस, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, पुढं त्याचा मुलगा. लेकींची नावं असलीच तर 'अमुक गावी दिली' इथं रेघ थांबते. आणि हा आजार नेमका तिथनंच पुढं चालतो. निपाणीच्या बहिणीच्या मुलाचा घोटा सुजतो, चंदगडच्या बहिणीच्या मुलाला सुपारीएवढ्या टेंगळानं दवाखाना लागतो, आणि दोघींची सासरं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात, डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या. जोडणारं कोण? तर माहेर. म्हणून डॉक्टरांकडं जाताना भावकीचा कागद नेऊ नका. आईचे भाऊ, आईच्या बहिणी, त्यांची मुलं, आजीचे भाऊ, असा कागद करा. लहानपणी 'ताप येऊन' गेलेला एखादा मामा असेल, तर कशानं गेला ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला बरोबर आठवतं. हे शास्त्र यायच्या कितीतरी आधी लोकांनी ओळखलं होतं. ज्यूंच्या दीड हजार वर्षांहून जुन्या धर्मशास्त्रात नियम आहे, की दोन मुलगे सुंतेनंतर दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये. आणि त्यात बहिणींच्या मुलांचाही विचार केलाय.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न मला हमखास येतो. आपल्या भागात मामाची मुलगी करतात, काही समाजांत बहिणीची मुलगी खुद्द मामाला देतात. मूल आजारी निघालं की पहिलं वाक्य, 'नात्यात केलं म्हणून झालं.' थॅलेसेमियासारखे काही आजार आहेत, त्यांत हे बऱ्याच अंशी खरं असतं. तिथं आई-बाप दोघांकडनं दोष यावा लागतो आणि नात्यात तो दोघांकडं असायची शक्यता वाढते. एक्सच्या आजाराचं तसं नाही. वाहक मुलगी निरोगी मामाला दिली काय आणि अगदी परक्या घरात दिली काय, तिच्या मुलग्यांचा धोका तेवढाच. निरोगी पुरुषाकडं हा दोष लपून बसत नाही.

पण मामाच आजारी असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याची मुलगी कितीही ठणठणीत दिसली तरी ती वाहक आहेच. ती सून म्हणून आणा, खुशाल आणा, पण हे माहीत असू द्या. आणि त्या आजारी मामालाच भाची दिली आणि भाची वाहक निघाली, तर मुलींनाही खराखुरा हिमोफिलिया होऊ शकतो, निम्म्या शक्यतेनं. 'हा फक्त पोरांचा आजार' हे वाक्य इथं लंगडं पडतं.

तसं ते आणखी एका ठिकाणी लंगडं पडतं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेला असतो. कुठल्या पेशीत कुठला, ते गर्भात अगदी सुरुवातीला ठरतं. मेरी लायन या इंग्लिश शास्त्रज्ञ बाईंनी हे 1961 मध्ये मांडलं. दारात येणारं तिरंगी मांजर बघा की, काळं-भगवं-पांढरं. ते जवळजवळ नेहमी मादीच असतं. काळ्या-भगव्याचं जनुक एक्सवर, म्हणून एका ठिगळात एक एक्स जागा असतो, दुसऱ्यात दुसरा. वाहक बाईत चांगला एक्स जास्त ठिकाणी झोपला, तर तिचंही रक्त पातळ पडतं. पाळीला खूप जातं, बाळंतपणात थांबत नाही. वाहक बाईची फॅक्टरची, म्हणजे त्या आठव्या-नवव्या प्रथिनाची, तपासणी बाळंतपणाच्या आधी झालेली बरी.

आणि सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी. हिमोफिलिया काय, ड्युशेन काय, साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या बाबतीत घराण्यात आधी काहीच सापडत नाही. बदल नव्यानं झालेला असतो. हिमोफिलियात तर कित्येकदा तो आईच्या वडिलांच्या बीजात झालेला असतो आणि आईला पत्ताही नसतो. तिनं गरोदरपणी काय खाल्लं, कुठल्या ग्रहणात बाहेर गेली, याचा काडीचा संबंध नाही.

ड्युशेनबद्दल थोडं सांगते, कारण तो उशिरा ओळखला जातो. मुलगा तीन-चार वर्षांचा होतो. चवड्यावर चालतो, जिना चढताना मागं पडतो. पोटऱ्या मात्र गुबगुबीत, त्यामुळं घरचे म्हणतात पैलवान होणार. त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. तो आधी पालथा होतो, ढुंगण वर करतो, मग हात गुडघ्यावर, मांडीवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. हे दिसलं की टॉनिक नको. सीपीके नावाची साधी रक्ततपासणी असते, ती करा. ड्युशेनमध्ये तो आकडा हजारोंत जातो.

बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं आहे, पलीकडं कोल्हापूर आहे. कुठली तपासणी कुठं होते ते फोन करून विचारून जा. घरात वाहक शोधायची असेल तर आजारी मुलाचं रक्त आधी तपासतात, त्याच्यातला नेमका बदल सापडला की बहिणींचं, मावश्यांचं काम सोपं होतं. म्हणून मूल फार आजारी असताना 'आता कशाला तपासणी' म्हणू नका. गर्भाचं लिंग सांगणं 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते कोणी सांगणार नाही आणि मागूही नका. पण त्याच कायद्यात अशा आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची जनुक तपासणी करायला परवानगी आहे. ती साधारण अकराव्या आठवड्यापासून होते, म्हणजे कागद लग्नानंतर लगेच तयार हवेत.

हिमोफिलियाच्या मुलाला दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन देऊ नका, ॲस्पिरिन देऊ नका; शाळेत आणि दाताच्या डॉक्टरला लिहून द्या. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आणि स्नायूंचा हा आजार, दोन्हींची नावं आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कर्नाटकात काढलेलं असलं तरी महाराष्ट्रात चालतं, मामाच्या गावी गेल्यावर पोराच्या खिशात ते असू द्या.