शटरवरचा कागद

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या शटरला ऑगस्टभर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: 'वार्षिक सुटी. सोमवारी भेटू.' मी फ्रान्समध्ये, ल्यों शहरात राहते. इथे ऑगस्टमध्ये न्हावी, चांभार, दातांचे डॉक्टर सगळे एकदमच गायब होतात. पूर्वी मे महिन्यात मुंबईच्या चाळींतून दारोदार कुलपं दिसायची ना, अगदी तसं.

मग ऑगस्टचा शेवटचा शनिवार येतो. दक्षिणेच्या समुद्राकडून येणारा ए-7 महामार्ग थेट ल्योंपर्यंत पोचतो, त्यामुळे टपावर सायकली बांधलेल्या गाड्यांची रांग आमच्या शहराच्या दाराशीच तुंबते. कोणत्या दिवशी रस्ते किती भरतील याचा अंदाज देणारी एक सरकारी सेवा 1976 पासून आहे, नाव 'बिझों फ्यूते', म्हणजे चतुर गवा. हा गवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देतो. काळ्या दिवशी निघू नका, असं तो सांगतो. लोक रंग बघतात आणि त्याच दिवशी निघतात.

या परतण्याला फ्रेंचांनी नावच ठेवलंय, 'राँत्रे'. म्हणजे पुन्हा आत येणं. शाळा उघडते ती राँत्रे. ऑगस्टच्या मध्यापासून शेकडो नव्या कादंबऱ्या दुकानांत येऊन पडतात, ती साहित्याची राँत्रे. पुढारी सुटीवरून येऊन भाषणं ठोकतात, कामगार संघटना मोर्चांच्या तारखा सांगतात, त्यांचीही राँत्रेच. आणि जिन्यात भेटलेल्या शेजारीण आजी हसून म्हणतात, 'बॉन राँत्रे!' पहिल्या वर्षी मला वाटलं, चेष्टा करताहेत. सुटी संपल्याच्या कोणी शुभेच्छा देतं का?

हळूहळू उलगडलं. सगळे एकदम जातात, म्हणून एकदम परततात, आणि ही सुटी काही कोणी दयेने दिलेली नाही. 1936 च्या जूनमध्ये लाखो कामगार कारखान्यांतच ठाण मांडून संपावर बसले होते. त्या वेळी लेओं ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्याच उन्हाळ्यात उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात 40 टक्के सवलतीचं तिकीट आणलं, आणि कित्येक कामगारांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. पुढे 1956 मध्ये तिसरा आठवडा मिळाला, 1969 मध्ये चौथा, 1982 मध्ये पाचवा. म्हणून की काय, इथे रजेवरून आलेला माणूस ओशाळलेला नसतो. मी मात्र अजूनही साहेबांपुढे रजेचा विषय काढताना आवाज खाली आणते. सवय जात नाही.

पण श्रोतेहो, खरी राँत्रे बघायची तर सुपरमार्केटात, वह्यांच्या रांगेत. शाळेने दिलेली यादी हातात धरून आईबाप हिंडत असतात. नुसती 'वही' म्हणून चालत नाही. 24 गुणिले 32 सेंटीमीटर, 96 पानी, आखणी 'सेयेस'. ही आखणी पोंत्वाज गावच्या सेयेस नावाच्या पुस्तकविक्रेत्याने 1892 साली नोंदवली. आठ मिलिमीटरचे चौकोन आणि त्यांच्यात बारीक आडव्या रेघा, म्हणजे अक्षराची कोणती वेलांटी किती उंच जावी हे ठरलेलं. वर प्लॅस्टिकची कव्हरं, विषयागणिक वेगळ्या रंगाची. हवा तो हिरवा रंग नेमका संपलेला असतो. मागच्या वर्षी त्या शेवटच्या हिरव्या कव्हरावर एका गृहस्थांचा आणि माझा हात एकदमच पडला. 'घ्या, घ्या, तुम्हीच घ्या,' असं दोघांनीही तीनतीनदा म्हटलं. सोडलं कोणीच नाही. शेवटी ते माझ्या लेकाच्या इतिहासाच्या वहीला लागलं.

कमी उत्पन्नाच्या घरांना या खर्चासाठी सरकारकडून ऑगस्टमध्ये पैसे मिळतात, तेही 1974 पासून. दरवर्षी त्यावरून वाद होतो, की या पैशांच्या वह्या येतात की मोठे टीव्ही. वाद घालणाऱ्यांनी एकदा ती यादी हातात घेऊन बघावी.

शाळेच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकांना पारदर्शक कागद चढवत बसले, की मला जूनमधली आमची ओटी आठवते. खाकी कागद, घरी शिजवलेली खळ, आणि बाहेर पहिला पाऊस. इथे पाऊस नाही. खिडकीतून शेजारच्या वॉशिंग मशीनचा आवाज येतो, रात्री दहा वाजताही. सगळ्या इमारतीचे टॉवेल एकाच आठवड्यात समुद्राची वाळू सोडत असतात.

सोमवारी बेकरी उघडली. बाईंनी 'सुटी छान गेली ना?' असं विचारलं, मंगळवारीही विचारलं. गुरुवारी फक्त 'एक बागेत?', म्हणजे एक लांब पाव, एवढंच. शाळेच्या पहिल्या संध्याकाळी लेकाने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले. ऑक्टोबरच्या अखेरची तूस्सांची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची सुटी सात आठवड्यांवर होती. मी त्याच कॅलेंडरवर दिवाळी शोधली. यंदा दोन्ही जुळून आल्या आहेत, त्यामुळे भाजणीचं पीठ पाठवायला मी आईला आजच फोन करणार आहे.