पाच मतांमागचं फिन्सबरी

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘सेंट्रल फिन्सबरी : १८८५ ते १९१८’. तिथं येतो, पण जरा मागून. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या याच सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर पाच मतांनी निवडून आले, हे आपल्याकडे शाळेपासून पाठ असतं. पण ते मतदार कोण, काय काम करणारे, याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. ही माझी जुनी तक्रार आहे. दादाभाईंचा पुतळा फ्लोरा फाउंटनला आहे, समोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. ज्यांनी मतं टाकली त्यांना मात्र आपण नशिबाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

फिन्सबरी हा लंडनचा दोन खासदारांचा मतदारसंघ झाला १८३२ मध्ये. लगेच १८३५ मध्ये तिथून थॉमस वाकली निवडून आले. हे डॉक्टर, ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाचे संस्थापक. टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना, संघटना करताना शपथ घेतली म्हणून, ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी वाकली सभागृहात भांडले. दुसरे खासदार टॉमस डंकोम्ब. यांचा किस्सा मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मे १८४२. चार्टिस्टांचा, म्हणजे मताधिकारासाठी उभ्या राहिलेल्या कामगार चळवळीचा, अर्ज डंकोम्ब यांनी पार्लमेंटला सादर करायचा होता. मागण्या काय? प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, मतदान गुप्त, खासदाराला पगार. सह्या ३३ लाखांवर! कागद जोडून जोडून मैलोन्‌मैल लांबीची गुंडाळी झालेली. ती लाकडी चौकटीत बसवून कामगारांनी आळीपाळीनं खांद्यावर वाहून आणली, पुढे बँड, मागे मिरवणूक. पार्लमेंटच्या दाराशी आल्यावर कळलं, हे धूड आत जातच नाही. दाराची चौकट काढायला घेतली, तरी जाईना. शेवटी गुंडाळी सोडली, कागदांचे भारे केले आणि डोक्या-खांद्यांवरून आत नेऊन सभागृहाच्या जमिनीवर ढीग घातला. डोळ्यांपुढे आणा ते चित्र! दुसऱ्या दिवशी डंकोम्ब म्हणाले, या लोकांचं म्हणणं निदान ऐकून तरी घ्या. बाजूनं ४९, विरुद्ध २८७. गुप्त मतदान मिळायला १८७२ उजाडलं आणि खासदारांचा पगार तर १९११ मध्ये सुरू झाला. म्हणजे आपले दादाभाई तीन वर्षं तिथं बिनपगारी बसले, हेही लक्षात ठेवा.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

१८८५ च्या फेररचनेत फिन्सबरीचे तुकडे झाले. सेंट्रलमध्ये आला क्लर्कनवेल : घड्याळजी, जवाहिऱ्यांचे कारागीर, छापखान्यातले कामगार. दादाभाई १८८६ मध्ये शेजारच्या होबर्नमधून पडले होते. १८८८ मध्ये लॉर्ड सॉल्झबरी, म्हणजे खुद्द पंतप्रधान, जाहीर सभेत म्हणाले की ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. त्यात सेंट्रल फिन्सबरीत दादाभाईंच्याच लिबरल पक्षात उमेदवारीवरून अनेक वर्षं भांडण. आणि जागा कुणाची? १८८६ पासून कॉन्झर्व्हेटिव्ह पेंटन यांची. म्हणून माझं म्हणणं, पाच मतांना ‘काठावरचा विजय’ म्हणून हिणवू नका. बसलेल्या खासदाराला उठवून, पंतप्रधानाचं बोलणं बाजूला सारून दिलेली ती मतं आहेत, आणि वाकली-डंकोम्ब यांच्या मुलखात दिलेली आहेत.

पुढचं भरभर. १८९३ मध्ये सनदी सेवेची परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव ८४ विरुद्ध ७६ नं संमत झाला, सरकारनं गुंडाळून ठेवला. १८९५ मध्ये जागा मॅसी-मेनवेअरिंग यांच्याकडे गेली. १९०६ मध्ये कामगार संघटनेतले स्टेडमन आले, १९१० मध्ये आर्चर-शी. १९१८ मध्ये मतदारसंघच रद्द झाला. आज तो भाग ‘इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’त येतो, आणि क्लर्कनवेलमध्ये एक नौरोजी स्ट्रीट आहे. स्टेडमन यांच्यावर बरंच बोलायचं होतं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा.