काळ्या दगडाच्या खाली काय आहे

नमस्कार मंडळी. इकडे येताना मुद्दाम अंधेरीला उतरलो, गिल्बर्ट हिलच्या त्या काळ्या खांबांना हात लावून आलो. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे उभे खांब बनतात, जवळपास ६० मीटर उंच, वय ६ कोटी वर्षांच्या पुढे. आपण म्हणतो बापरे केवढं जुनं! पण खरं म्हातारं माणूस याच्याही खाली झोपलंय.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला, पुढे त्याचाच अभ्यास करायला तिथे ३ किलोमीटर खोल बोअर मारलं. साधारण सव्वा किलोमीटर नुसता बेसॉल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा दगड, आणि मग एकदम रंगच बदलला, ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे पुस्तकातला पट्टिताश्म. २५० कोटी वर्षांहून जुना. बोअर नको असेल तर सिंधुदुर्गात जा, तिथे हा दगड उघड्यावरच दिसतो, करड्या आणि गुलाबी पट्ट्या एकमेकींत वळलेल्या.

आता हा बनला कसा? सुरुवातीला पृथ्वीचा सगळा कवच, म्हणजे वरचा कडक थर, बेसॉल्टसारखाच होता. तो पाणी पिऊन खोल गेला, तापला, पण सगळा वितळला नाही, थोडाच वितळला, आणि जो वितळला तो हलका, सिलिका जास्त असलेला, म्हणून वर आला. दुधावर साय धरते ना, तसंच, फक्त ही साय धरायला कोट्यवधी वर्षं लागली. समुद्राखालचा कवच जेमतेम ७ किलोमीटर जाड आणि जड, तो परत आत बुडतो, म्हणून २० कोटी वर्षांहून जुना फारसा सापडत नाही. खंडाचा ३५-४० किलोमीटर जाड, हलका, बुडतच नाही, म्हणून तर टिकला. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सला झिरकॉन नावाच्या खनिजाचे रव्याच्या दाण्याहून बारीक कण मिळालेत, त्यातला जुन्यात जुना ४४० कोटी वर्षांचा. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, त्यामुळे आज आत जे शिसं आहे ते युरेनियमचंच हळूहळू बदलून झालेलं, त्यावरून वय काढतात. मला तर या एवढ्याशा कणाचं कौतुक डोंगरापेक्षा जास्त वाटतं.

पण टिकला म्हणजे फाटत नाही असं नाही हं. पुरणपोळी लाटताना पारी जिथे पातळ तिथेच फुटते, खंडाचंही तेच. दोन्हीकडून ताण आला की कवच पातळ होतो, मधला भाग खचतो, कडा उचलल्या जातात, झाली खचदरी. नर्मदा आणि तापी उलट्या पश्चिमेला का जातात, तर त्या अशाच खचलेल्या पट्ट्यातून वाहतात. चंद्रपूरचा कोळसाही तसाच, प्राणहिता-गोदावरीच्या खचदरीत पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी आणि त्याआधी गाळ आणि झाडं साठत गेली, वरून दबली. आणि गंमत बघा, एकदा उसवलेली शिवण पुढच्या वेळी आधी उसवते, नर्मदेच्या पट्ट्यात असं पुन्हा पुन्हा झालंय, म्हणून तिथे भूकंपही होतात. पूर्व आफ्रिकेत हे काम आजही चालू आहे, वर्षाला काही मिलिमीटर.

आता मुंबईकडे येऊ. कर्जतच्या पुढे घाट चढताना गाडीच्या खिडकीतून बघा, सह्याद्रीचे थर कसे आडवे, पट्टी लावल्यासारखे. आणि इथे मुंबईत तेच थर पश्चिमेला समुद्राकडे कललेत, पनवेलजवळून जाणाऱ्या वाकापासून. कारण इथे खंड फाटला. मादागास्कर आधीच ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटलं होतं, मग दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच सुमारास सेशेल्स, म्हणजे हिंद महासागरातली बेटं, सुटलं आणि आपली कड खाली वाकली. वज्रेश्वरीची गरम कुंडं आहेत ना, ते पाणीसुद्धा अशा खोल भेगांतूनच वर येतं.

सेशेल्स आज इथून ३,००० किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथल्या माहे बेटाचा ग्रॅनाइट ७५ कोटी वर्षांचा, म्हणजे भर समुद्रात खंडाचा तुकडा, आणि शेजारच्या सिल्हूएट बेटावर ६.३ कोटी वर्षांचा अग्निजन्य दगड, आपल्या मुंबईच्या दगडांच्याच पिढीतला.