नाक दाबा आणि बडीशेप खा

[टेबलावर बडीशेपेची वाटी, पुदिन्याची जुडी, बाळंतशेपेची पुडी.]

नमस्कार मंडळी! आज आधी खाऊ, मग बोलू. घरात बडीशेप असेल तर चिमूटभर घेऊन या, हवं तर व्हिडिओ थांबवा. आणलीत? आता नाक घट्ट दाबा, बडीशेप तोंडात टाका आणि चावत राहा.

[नाक दाबून चावणे. पाच-सहा सेकंद शांतता.]

काय लागतंय? किंचित गोडसर, बाकी नुसता भुसा. आता चावता चावता नाक सोडा.

आली ना बडीशेप? एकदम भस्सकन! तोंडात नवीन काही गेलेलं नाही. आपण जिला बडीशेपेची चव म्हणतो, ती बहुतेक सगळी नाकाची करामत आहे. चावताना जे गंधाचे रेणू सुटतात, ते घशाच्या मागच्या बाजूनं वर नाकात चढतात. जिभेकडे गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मशरूम, टोमॅटोत लागते ती रुचकर चव) एवढाच कारभार. त्यामुळे सर्दी झाल्यावर आमटी पाणचट लागली, तर करणाऱ्याला बोल लावू नका.

बरं, नाकात नेमकं कुठे कळतं हे? नाकपुडीत नाही. पार वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला एक ओलसर अस्तर आहे. जेमतेम काही चौरस सेंटीमीटरचं. त्यात लाखो चेतापेशी आहेत आणि त्यांची टोकं थेट हवेच्या वाटेत आलेली आहेत. धूळ, धूर, विषाणू, सगळ्याचा मारा त्यांच्यावर. म्हणून त्या फार टिकत नाहीत, झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. चेतापेशींच्या बाबतीत ही चैन शरीरात फार कमी ठिकाणी आहे.

या प्रत्येक पेशीवर साधारणपणे एकाच जातीचे रिसेप्टर, म्हणजे गंधाचे रेणू टिपणारी प्रथिनं, असतात. माणसात अशा जाती सुमारे ४००. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांच्या जातीत शोधून काढली आणि २००४ चं नोबेल मिळवलं.

आता हिशेब बघा. जाती ४००, आणि वास तर हजारो ओळखता येतात. कसं जमतं? पेटी वाजवताना एका वेळी तीन-चार पट्ट्या दाबल्या की वेगळाच नाद निघतो ना, तसं. एक रेणू एकाच रिसेप्टरला लागत नाही, अनेकांना लागतो. कुणाला जोरात, कुणाला हलका. आणि पुष्कळसे रिसेप्टर एकाहून जास्त रेणूंना दाद देतात. कोणकोण जागे झाले, त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो.

आणि हे किती बारीक चालतं ते बघा.

[एका हातात पुदिना, दुसऱ्या हातात बाळंतशेप.]

हा आपला नेहमीचा पुदिना, ही बाळंतशेप. वासाचा काही संबंध आहे का? पण दोन्हींत मुख्य गंध कार्व्होन नावाच्या रेणूचा. अणू तेच, तितकेच, जोडणीचा क्रमही तोच. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. डोळ्यांनी कागदावर बघितलं तर पटकन फरक कळणार नाही, नाकाला पहिल्या हुंगण्यात कळतो. मला तर रसायनशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा ही पुडी जास्त आवडते.

पुढचा रस्ता छोटा आहे. पेशींचे तंतू कवटीच्या एका पातळ, सच्छिद्र हाडातून वर जातात आणि मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या गंधकंदात शिरतात. डोक्याला जबर मार लागला तर हे तंतू तिथेच तुटू शकतात, आणि वास जातो. गंधकंदातून निरोप निघतो तो थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी. डोळे-कान आधी थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या निरोप पुढे धाडणाऱ्या केंद्रात, हजेरी लावतात, नाक लावत नाही. आता इथे आजीच्या ट्रंकेचा किस्सा यायला हवा, पण तो सगळ्यांच्या व्हिडिओत असतो. तुमचा तुम्ही आठवा.

एक गोष्ट मात्र कामाची. वास सतत येत राहिला की थोड्या वेळात तो जाणवेनासा होतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात. पण स्वयंपाकघरात बराच वेळ उभं राहिल्यावर वास कमी झालासा वाटला, तर त्याचा अर्थ गळती थांबली असा होत नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही. आणि बाहेर पडा.

कोविडमध्ये अनेकांचा वास गेला, ते बहुतेक वेळा चेतापेशी मेल्या म्हणून नव्हे. विषाणूनं मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला केला. ज्यांचा वास अजून नीट आलेला नाही, त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावंच. जर्मनीच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला एक सराव डॉक्टर सुचवतात: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास रोज दोनदा हुंगायचे, निदान बारा आठवडे. लवंग डब्यात असतेच, निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळतं. गुलाबासाठी अगरबत्ती नको, धुरानं नाक आणखी वैतागेल.