जोड वर, जोड खाली

(दृश्य : म्हापशातला छापखाना. टेबलावर लग्नपत्रिकेचा नमुना.)

या पत्रिकेवर दोन लिप्या आहेत. एका पानावर मराठी मजकूर, समोरच्या पानावर रोमन लिपीत वधूवरांची नावं, हातानं लिहिल्यासारखी वळणदार. अक्षराला अक्षर दोन्हीकडे जोडलेलं आहे. पण रोमनमध्ये जोड बहुतेक खाली असते, देवनागरीत वर, शिरोरेषेत. हस्ताक्षरी फॉन्ट बिघडतो तो बहुधा या जोडापाशीच.

(दृश्य : मोठी केलेली रोमन अक्षरं.)

बहुतेक रोमन अक्षरांची शेपटी तळातून निघते. बी, ओ, व्ही, डब्ल्यू यांची मात्र वरून. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये ओनंतर येणाऱ्या आरचा वेगळा आकार दिलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्टेक्स्च्युअल ऑल्टरनेट्स’, म्हणजे शेजारचं अक्षर पाहून आकार बदलण्याची सोय, बंद असेल तर तो आकार येत नाही आणि तिथे खाच दिसते. अख्खं नाव कॅपिटलमध्ये टाइप करू नका. वळणदार कॅपिटल अक्षर शब्दाच्या तोंडाशी एकटं शोभतं. ओळीनं उभं केलं की नाव वाचताच येत नाही.

(दृश्य : ‘कलम’ फॉन्टमधला मराठी मजकूर.)

इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’मध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन वजनांत, म्हणजे रेघेच्या तीन जाड्यांत, तेही मोफत. तिरका झोक, गोलसर टोकं, स्केचपेनची आठवण देणारी. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला सुरेख. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये आणा. नुसता फॉन्ट बदलला तर भलतीच अक्षरं उमटतात.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, शून्यच ठेवा. अंतर वाढवलं की रोमनची शेपटी सुटते, शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द रुंद हवा असेल तर अक्षराचा आकार वाढवा. ओळींतली जागा मात्र सढळ सोडा, सोळा पॉइंटला चोवीसच्या आसपास. नाहीतर वरचा उकार खालच्या रफारात अडकतो.

(दृश्य : प्लॉटरवर, म्हणजे फाइलवरून अक्षरं कापणाऱ्या यंत्रावर, कापलं जाणारं विनाइल, पाटीवर चिकटवायचा प्लास्टिकचा पत्रा.)

दुकानाच्या पाटीचं काम वेगळं. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण फाइलमध्ये शेजारची अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) वेल्ड केला नाही, म्हणजे ते आकार एकसंध जोडले नाहीत, तर प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापतो आणि जोडाजोडाला चीर पडते. गोव्याच्या पावसाळ्यात त्या चिरेतून पाणी शिरतं, विनाइलची कड उचलली जाते.

(दृश्य : घराच्या दाराशेजारी आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या चकचकीत फरशांवरचं नाव.)

घराचं नाव फरशांवर रंगवायचं तर आधी पूर्ण मापात कागदावर काढा. रेघांवर सुईनं भोकं पाडा, कागद फरशीवर ठेवून कोळशाची पूड थोपटा. उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचला चालवा. जोडाक्षर दोन फरशांच्या सांध्यावर येऊ देऊ नका. शिरोरेषा सांधा ओलांडणारच, तिथे ती जरा जाड ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ कागदावरच तपासून घ्या. भट्टीत भाजल्यावर वेलांटी बदलता येत नाही.